मेंढीच्या लघवीची पट्टी हिरवी झाली, म्हणजे मूत्रपिंड गेलं का?

पत्र (थोडक्यात)

माझ्याकडे जत तालुक्यात बंदिस्त पद्धतीने पाळलेल्या ४५ माडग्याळ मेंढ्या आहेत. एक मेंढी दोन महिन्यांपासून खंगत चालली आहे, जबड्याखाली मऊ सूज आहे. मेडिकलमधून माणसांच्या लघवी तपासणीच्या दहा चौकोनांच्या पट्ट्या आणल्या. तिच्या लघवीत प्रथिनांचा चौकोन हिरवा झाला, बाटलीवरच्या रंगांशी ताडला तर २+. खात्री करायला म्हणून आठ धडधाकट मेंढ्या तपासल्या, तर सहांमध्ये १+ किंवा २+ आलं. एका औषधविक्रेत्याने सगळ्या कळपाला अँटिबायोटिक आणि मूत्रपिंडाचं टॉनिक द्यायला सांगितलं आहे. खाद्य लसूणघास, मक्याची कुट्टी, कडबा आणि गाईंची गोळी पेंड असं आहे. कळपालाच मूत्रपिंडाचा आजार आहे का? या पट्ट्या मेंढीला चालतात का? नाही तर कोणती चाचणी करावी?
— एक मेंढीपालक

उत्तर

कळपाला औषध सुरू करू नका. खाऊन-पिऊन तजेलदार असलेल्या आठपैकी सहा मेंढ्यांना एकाच वेळी मूत्रपिंडाचा आजार व्हावा, असं सहसा घडत नाही. पट्टी फसली असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, आणि मेंढीच्या बाबतीत ती ठरावीक कारणाने, ठरावीक दिशेनेच फसते. खंगलेल्या मेंढीची गोष्ट मात्र वेगळी. बाकीच्यांची पट्टी चुकली म्हणून तिचीही चुकलीच, असं धरून चालू नका. तिच्याकडे आपण शेवटी वळू.

आधी त्याच पट्टीवरचा पीएचचा चौकोन बघा. मातीपरीक्षणात ज्याला सामू म्हणतात, तोच हा. तुमच्या चाऱ्यावरच्या मेंढ्यांचा हा आकडा ८ किंवा त्याहून वर असणार, असा आमचा अंदाज आहे. माणसाची लघवी साधारणपणे ६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असते. हिरवा चारा खाणाऱ्या रवंथ करणाऱ्या जनावराची लघवी ७ ते ८.५ इतकी अल्कधर्मी असते. लसूणघासात पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे लघवीत बायकार्बोनेट वाढतं आणि पीएच वरच्या टोकाला जातो. यात आजार काहीच नाही, ती मेंढीची तब्येत आहे.

पट्टीवरच्या प्रथिनांच्या चौकोनात टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू नावाचा रंग असतो आणि सोबत आम्लाचा एक साठा भरलेला असतो. त्या साठ्यामुळे चौकोनाचा पीएच ३ वर टिकून राहतो आणि तिथे हा रंग पिवळा दिसतो. लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) आलं की ते रंगाच्या रेणूंना चिकटतं, आणि पीएच न बदलताही रंग पिवळ्याचा हिरवा, मग निळसर होतो. सगळी मदार पीएच ३ वर टिकण्यावर आहे. मेंढीच्या लघवीतलं बायकार्बोनेट हा आम्लाचा साठाच संपवून टाकतं. मग प्रथिनांचा कण नसला तरी रंग आपोआप हिरव्याकडे झुकतो. पट्टीला तो हिरवा प्रथिनांचा की अल्कलीचा हे सांगता येत नाही.

म्हणून मेंढीच्या पट्टीवर आमचा विश्वास असा असतो: प्रथिनांचा चौकोन स्वच्छ पिवळा राहिला आणि लघवी पाण्यासारखी पातळ नसली, तर अल्ब्युमिन वाया जात नाही हे बऱ्यापैकी खरं धरायचं. चौकोन हिरवा झाला, तर ती फक्त पुढच्या चाचणीची चिठ्ठी समजायची. त्यावरून रोगाचं नाव ठरवायचं नाही आणि औषध तर नाहीच नाही.

नमुना घेण्यातच निम्मं काम

तुम्ही नमुना कसा घेतला हे पत्रात नाही. बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात सोपी वेळ पहाटेची. बसलेल्या मेंढीला गडबड न करता उठवा. उठल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत बहुतेक मेंढ्या लघवी करतात. हातभर काठीला स्टीलची वाटी किंवा प्लास्टिकचा स्वच्छ मग बांधून ठेवा, म्हणजे मागे उभं राहून जनावराला न घाबरवता धार झेलता येते. पहिली धार सोडून द्या. योनीमार्गातला स्राव, चिकटलेलं शेण, लोकरीतली घाण तिच्याबरोबर निघून जाते. मधली धार धरा, १५ ते २० मिलि पुरते.

मेंढी लघवी करतच नसेल तर पशुवैद्यक तिच्या नाकपुड्या हाताने थोडा वेळ बंद धरतात आणि बहुतेक मेंढ्या त्या धडपडीत लघवी करतात. अर्ध्या मिनिटात झाली तर ठीक, पाऊण मिनिटाच्या पुढे कधीच ओढू नका. गाभण, धापा टाकणाऱ्या, अशक्त किंवा न्यूमोनिया झालेल्या जनावराला ही पद्धत वापरायचीच नाही. तुमच्या खंगलेल्या मेंढीलाही नाही. नराच्या शिश्नाच्या टोकाला बारीक शेपटीसारखी मूत्रनलिका असते आणि आत शिश्नाला वळण असतं, त्यामुळे नळी घालून नमुना घेण्याचा प्रयत्न गोठ्यात करू नये. त्याची धार झेलायची, नाही तर पोटाखाली पिशवी बांधायची. लघवी लवकर व्हावी म्हणून फुरोसेमाईडचं इंजेक्शन देऊ नका, लघवी पातळ होऊन प्रथिनं लपतात. झायलाझिन (गुंगीचं औषध) दिलेल्या जनावरातही लघवी पातळ होते, वर साखरही येते.

काही जनावरांत प्रथिनं खरीच दिसतात, पण मूत्रपिंडातून आलेली नसतात. नुकती व्यालेली मेंढी, स्राव पूर्ण थांबेपर्यंत. माजावर आणण्यासाठी योनीत स्पंज ठेवलेली किंवा नुकताच काढलेली मेंढी. नराच्या नमुन्यात मिसळलेलं वीर्य. आणि जन्मल्यावर पहिल्या दोनेक दिवसांतलं कोकरू: चिकातली लहान रेणूंची प्रथिनं आतड्यातून रक्तात आणि तिथून लघवीत उतरतात. चीक प्यायलेल्या कोकराची पट्टी गडद आली, तर त्याने चीक पोटभर प्यायलाय एवढाच त्याचा अर्थ. अशा कोकराला औषध देणं हा निव्वळ अन्याय आहे.

नमुन्याची वाटी फक्त साबण आणि गरम पाण्याने धुऊन तीन वेळा साध्या पाण्याने खळखळून घ्या. जंतुनाशक लावू नका. सेट्रिमाईड, बेन्झाल्कोनियम क्लोराईड किंवा क्लोरहेक्झिडीन असलेल्या द्रावणाचा अंश राहिला तरी प्रथिनांचा चौकोन खोटा हिरवा होतो. शेडमध्ये फवारायला आणि सड धुवायला हीच द्रावणं वापरतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मेंढीचा मागचा भागही त्याने पुसू नका, कोमट पाणी पुरे.

नमुना तासाभरात तपासा. उन्हात ठेवलेल्या लघवीतले जंतू युरियाचा अमोनिया करतात आणि पीएच आणखी चढतो, म्हणजे पट्टी आणखी फसते. उशीर होणार असेल तर झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, पण तपासताना नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड लघवीत स्फटिक खाली बसतात आणि गढूळपणा बघायच्या चाचण्या बिघडतात.

पट्टी वापरायचीच तर

माणसांची पट्टी मेंढीला चालते, पण सगळे चौकोन नाहीत. प्रथिनं, पीएच, रक्त, साखर आणि कीटोन एवढे बघा. पांढऱ्या पेशी, नायट्राईट आणि विशिष्ट गुरुत्वाचे (लघवीच्या घट्टपणाचे) चौकोन जनावरांत भरवशाचे नाहीत, ते सोडून द्या.

बाटलीतून एक पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा. चौकोनाला बोट लावू नका. मुदत संपलेली किंवा दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी आधीच रंग बदललेली असते. लघवी हलवून घ्या, पट्टी पूर्ण बुडवून एका सेकंदात बाहेर काढा. जास्त वेळ बुडवली तर चौकोनातलं आम्ल धुऊन जातं आणि तोच खोटा हिरवा रंग येतो. पट्टीची कड भांड्याच्या काठाला टेकवून जादा लघवी निथळा आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली तर प्रथिनांच्या चौकोनातलं आम्ल शेजारच्या पीएचच्या चौकोनावर ओघळतं आणि ८.५ ची लघवी ७ सारखी दिसते. मग जो आकडा बघून तुम्ही सावध व्हायचं, तोच लपतो. बाटलीवर लिहिलेल्या वेळेलाच, बहुतेक पट्ट्यांत ६० सेकंदांनी, दिवसाच्या उजेडात रंग ताडा. दोन मिनिटांनंतर दिसणाऱ्या रंगाला काही किंमत नाही.

बहुतेक पट्ट्यांवर १+ म्हणजे दर १०० मिलि लघवीत सुमारे ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १०० आणि ३+ म्हणजे ३०० मिलिग्रॅम प्रथिनं. हे आकडे माणसाच्या आम्लधर्मी लघवीवर बेतलेले आहेत.

आता तुमच्या सहा मेंढ्यांसाठी एक साधा पडताळा. ५ मिलि लघवी परीक्षानळीत घ्या. १० टक्के अ‍ॅसिटिक आम्ल थेंबाथेंबाने घाला, प्रत्येक दोन-तीन थेंबांनंतर हलवा आणि पीएच कागदाला टेकवून बघा. फेस येईल, ते बायकार्बोनेटमधून सुटणारं कार्बन डायऑक्साइड आहे, घाबरू नका. पीएच ५ ते ६ वर आला की थांबा. यात अर्धा मिलि आम्ल गेलं तरी लघवी दहाव्या हिश्श्याहून जास्त पातळ होत नाही. आता नवी पट्टी बुडवा. चौकोन पिवळा झाला तर आधीचा हिरवा अल्कलीचा होता. हिरवाच राहिला तर पुढची चाचणी हवीच. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर यासाठी फार सौम्य पडतं. अल्कधर्मी लघवीला ते इतकं घालावं लागतं की नमुनाच पातळ होतो. १० टक्क्यांचं द्रावण दवाखान्यातून किंवा प्रयोगशाळेतून तयारच आणा. तीव्र अ‍ॅसिटिक आम्ल घरी आणून पातळ करत बसू नका, कातडी भाजते.

खरी निवड करणारी चाचणी: सल्फोसॅलिसिलिक आम्ल

या आम्लामुळे प्रथिनं साकळून लघवी पांढरट गढूळ होते. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, ही चाचणी ग्लोब्युलिन हा प्रथिनांचा दुसरा प्रकारही पकडते, आणि रंगावर नव्हे तर गढूळपणावर चालते. म्हणून पट्टीचा खोटा हिरवा इथे उघडा पडतो. दवाखान्यात १० मिनिटांत होते, खर्च किरकोळ आहे. तुमच्या पशुवैद्यकांना ती करायला सांगा, किंवा त्यांच्यासमोर एकदा शिकून घ्या.

द्रावण ५ टक्के: ५ ग्रॅम सल्फोसॅलिसिलिक आम्ल डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एकूण १०० मिलि करायचं. गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत ठेवायचं. द्रावण तपकिरी किंवा गढूळ झालं तर फेकायचं. हातमोजे आणि चष्मा लावूनच हाताळायचं.

लघवी आधी निवळ करून घ्यावीच लागते. मेंढीच्या लघवीत कॅल्शियम कार्बोनेटचे आणि फॉस्फेटचे स्फटिक असतातच, ती मुळातच गढूळ असू शकते. सेंट्रिफ्यूजमध्ये ५ मिनिटं फिरवून वरची निवळ घ्या. यंत्र नसेल तर फिल्टर कागदातून गाळा. कापडाने गाळून उपयोग नाही, बारीक कण तसेच उतरतात.

मग निवळ लघवीचा पीएच अ‍ॅसिटिक आम्लाने ५ च्या आसपास आणा. अनेक ठिकाणी ही पायरी गाळली जाते आणि मेंढीत तिथेच चाचणी उलट्या बाजूने फसते. लघवीत बायकार्बोनेट जास्त असेल तर सल्फोसॅलिसिलिक आम्ल ते मारण्यातच खर्च होतं. प्रथिनं असूनही नळी स्वच्छ राहते आणि आजारी मेंढी निरोगी ठरते. पट्टी अल्कलीमुळे खोटं 'आहे' म्हणते, ही चाचणी अल्कलीमुळे खोटं 'नाही' म्हणते. दोन्ही चुकांवर उपाय एकच, आधी आम्ल.

दोन सारख्या परीक्षानळ्या घ्या. दोन्हींत ३-३ मिलि लघवी. एकीत ३ मिलि सल्फोसॅलिसिलिक आम्लाचं द्रावण, दुसरीत ३ मिलि डिस्टिल्ड वॉटर. तोंड बंद करून दोन-तीनदा उलटी करून मिसळा, हिसडा मारून हलवू नका, फेस झाला तर दिसत नाही. १० मिनिटं थांबा. आम्लाच्या नळीतला एक थेंब पीएच कागदावर टेकवा. ३ किंवा कमी हवा. जास्त असेल तर नळी स्वच्छ दिसली तरी 'प्रथिनं नाहीत' असं लिहू नका, आणखी आम्ल घालून पुन्हा करा.

नळ्यांच्या मागे छापील मजकुराचा कागद धरा. पाण्याच्या नळीइतकीच स्वच्छ असेल तर प्रथिनं नाहीत. काळ्या कागदासमोरच जाणवेल इतका पुसटसा धूर म्हणजे ट्रेस. धूसर दिसतं पण अक्षरं वाचता येतात, १+, साधारण ५० मिलिग्रॅम. अक्षरं वाचता येत नाहीत पण जाड काळ्या रेघा दिसतात, २+, साधारण २००. रेघाही दिसत नाहीत आणि बारीक कण तरंगतात, ३+, साधारण ५००. दह्यासारख्या गुठळ्या खाली बसल्या तर ४+, हजाराच्या वर. हे आकडे ढोबळच धरायचे, दोन माणसांच्या डोळ्यांत एका पायरीचा फरक पडतो.

डोळा बसवण्यासाठी एक युक्ती आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे १० टक्के प्रथिनं असतात. तो १ मिलि घेऊन १०० मिलि सलाईनमध्ये, सलाईनच हवं, साधं पाणी नको, नीट मिसळून गाळा. हे झालं दर १०० मिलिला सुमारे १०० मिलिग्रॅमचं द्रावण. त्याच्यावर पट्टी आणि आम्ल दोन्ही लावून बघा. पट्टीची बाटली आणि आम्ल दोन्ही ठणठणीत आहेत की नाही, तेही त्यातच कळतं.

ही चाचणीही खोटी गढूळ होऊ शकते. पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिनचे मोठे डोस आणि सल्फा औषधं चालू असतील तर लघवीत गढूळपणा येतो. म्हणूनही औषध सुरू करण्याआधी नमुना घ्यायचा असतो. औषधविक्रेत्याचं ऐकून तुम्ही आठवडाभर अँटिबायोटिक टोचलं असतं, तर ही चाचणीही वाचणं अवघड झालं असतं.

सल्फोसॅलिसिलिक आम्ल मिळालं नाही तर जुनी उष्णतेची चाचणी चालते. निवळ लघवीला अ‍ॅसिटिक आम्लाने किंचित आम्लधर्मी करून परीक्षानळी दोनतृतीयांश भरा, तिरपी धरून फक्त वरचा भाग आचेवर उकळा. नळीचं तोंड माणसाकडे नको, उसळी मारते. वरचा भाग पांढरा झाला तर ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाचे ३ ते ५ थेंब घाला. बुडबुडे येऊन निवळलं तर कार्बोनेट, बुडबुड्यांशिवाय निवळलं तर फॉस्फेट, पांढरं तसंच राहिलं तर प्रथिनं. आधी आम्ल घातलं नाही तर अल्कलीत प्रथिनं साकळतच नाहीत, आणि आम्ल अति झालं तर साकळलेलीही विरघळतात. नायट्रिक आम्लाची कड्याची चाचणी पुस्तकात सापडेल, ती मेंढीला करू नका. बायकार्बोनेटवर तीव्र नायट्रिक आम्ल फसफसून उडतं आणि कडं दिसण्याआधीच दोन्ही थर मिसळतात.

आकडा कशाच्या तुलनेत?

१+ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. लघवी किती घट्ट आहे, हे त्याच्याबरोबर लागतं. दवाखान्यात रिफ्रॅक्टोमीटर असतो, त्यावर एक थेंब टाकला की विशिष्ट गुरुत्व कळतं. मेंढीत ते साधारण १.०१५ ते १.०४५ असतं. १.०४५ च्या घट्ट लघवीत सल्फोसॅलिसिलिक ट्रेस किंवा १+ आलं तर फार चिंता नको, काही दिवसांनी पुन्हा बघायचं. तेच १+ पाणी कमी पडलेल्या जनावराच्या १.०१० लघवीत आलं तर मात्र गंभीर आहे: पाणी कमी असतानाही मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही आणि वर प्रथिनं सोडतंय.

लघवीच्या घट्टपणाचा हा घोळ टाळायला मोठ्या प्रयोगशाळांत लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी (स्नायूंतून येऊन लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) गुणोत्तर काढतात. शंका उरली तर ते करून घ्यावं. मात्र अहवालावर कुत्र्यांसाठी ठरलेली ०.२ आणि ०.५ ही मर्यादा छापून आली, तर ती मेंढीला जशीच्या तशी लावू नका. त्याच कळपातल्या दोन निरोगी, त्याच वयाच्या मेंढ्यांचे नमुने सोबत पाठवा आणि तुलना त्यांच्याशी करा.

आता त्या एका मेंढीकडे

जबड्याखाली मऊ सूज म्हणजे रक्तातलं अल्ब्युमिन कमी झालंय, अशी दाट शंका. ते जातं कुठे, हे शोधायला लघवीची चाचणी फार कामाची आहे, किंबहुना मेंढीत तिचा खरा उपयोग इथेच. ते आतड्यातून जाऊ शकतं, यकृत बनवत नसेल असं होऊ शकतं, किंवा मूत्रपिंडातून गळत असेल. आपल्याकडे पहिला संशय नेहमी जंतांचा, त्यातही रक्त पिणाऱ्या हिमॉन्कसचा. मग यकृतातला चपटा कृमी, मग जोन्स रोग (आतड्याचा जुनाट जंतुसंसर्ग). तिच्या डोळ्याची खालची पापणी उलटून बघा: गुलाबी-लाल आहे की पांढरी फटक? शेणाचा नमुना तपासायला द्या.

लघवी आम्लयुक्त करून केलेली सल्फोसॅलिसिलिक चाचणी निरंक आली, तर मूत्रपिंड सोडा आणि जंत, यकृत, जोन्स रोग यांच्यामागे लागा. ती ३+ किंवा ४+ आली आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा तशीच आली, तर प्रथिनं मूत्रपिंडातूनच वाया जातायत. मग तिच्या अंगावर गाठी आहेत का बघा: कानाखाली, खांद्यापुढे, मांडीपुढे पूवाने भरलेल्या गाठी, जुना खुरांचा सडका आजार, जुनाट खोकला, कासेचा जुना दाह. शरीरात कुठेही महिनोन्‌महिने पू राहिला की मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचा पदार्थ साचतो आणि गाळणी फुटल्यासारखी प्रथिनं वाहतात. लघवी दुर्गंधी, गढूळ, रक्तमिश्रित असेल आणि मेंढी कुंथत असेल तर मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली साका बघायला हवा, तोही ताज्या लघवीत, कारण अल्कधर्मी लघवीत मूत्रपिंडातले साचे (तिथल्या बारीक नळ्यांत प्रथिनं गोठून झालेले नळकांड्यांसारखे कण) थोड्याच वेळात विरघळतात. रक्तातलं क्रिएटिनिन, युरिया आणि अल्ब्युमिन या वेळी पशुवैद्यकांकडून करून घ्याच. तोवर या मेंढीला जेंटामायसिन किंवा वेदनाशामक इंजेक्शन विचारल्याशिवाय देऊ नका. पाणी कमी पडलेल्या, मूत्रपिंड दुबळं असलेल्या जनावरात ही दोन्ही औषधं उरलंसुरलं मूत्रपिंडही बिघडवतात.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रातली एक ओळ आम्हाला प्रथिनांपेक्षा जास्त टोचली: गाईंची गोळी पेंड. गाईंच्या खाद्यात आणि खनिज मिश्रणात तांबं घातलेलं असतं. गाईला ते लागतं, मेंढीच्या यकृतात मात्र महिनोन्‌महिने साठत जातं आणि एखाद्या ताणाच्या दिवशी एकदम रक्तात येऊन लाल पेशी फोडतं. डोळे पिवळे, लघवी लालसर किंवा कॉफीसारखी, मेंढी दोन-तीन दिवसांत दगावते. तेव्हा पट्टीवर प्रथिनं आणि रक्त दोन्ही चौकोन गडद होतात. अशी लघवी दिसली तर ती स्वच्छ नळीत तासभर ठेवा: लाल साका खाली बसून वर निवळलं तर रक्तपेशी, सगळी नळी सारखीच लाल राहिली तर फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन. दुसऱ्या प्रकारात पशुवैद्यकांना त्याच तासाला फोन करा. गाईंची पेंड आजच बंद करा, तांबं न घातलेलं मेंढीचं खाद्य किंवा मका, भुईमुगाची पेंड आणि मेंढीसाठीचं खनिज मिश्रण वापरा.

खच्ची केलेले नर असतील आणि मुतखड्यासाठी त्यांना अमोनियम क्लोराईड चालू असेल, तर त्यांची लघवी आम्लधर्मी होते. अशा नरांत पट्टीचा हिरवा अल्कलीचा नसतो, तो खरा धरायचा आणि आधी खड्याने झालेलं रक्त त्यात आहे का ते बघायचं.

जवळच्या दवाखान्यात सल्फोसॅलिसिलिक आम्ल किंवा रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात विचारा. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि औंध, पुणे इथला रोग अन्वेषण विभाग यांच्याकडे नमुना पाठवायचा झाला तर तो पशुवैद्यकांमार्फत, बर्फाच्या डब्यात, बर्फाला थेट न टेकवता पाठवा. बाटलीवर एवढं लिहा: मेंढीचा बिल्ला क्रमांक, वय, गाभण की व्यालेली आणि किती दिवसांची, लघवी घेतल्याची तारीख आणि वेळ, मधली धार की नाही, घेतल्या घेतल्या पट्टीवर दिसलेला पीएच, गेल्या पंधरा दिवसांत दिलेली औषधं. पीएच घेतल्या घेतल्याच नोंदवा. शिरवळला पोचेपर्यंत तो बदललेला असेल.